हस्तिदंत आहे का हाड? जुन्या चाकूची मूठ कडेवरून ओळखा

वाचकाचं पत्र:

ताई, आजोबांच्या ट्रंकेत चार जुने घडीचे चाकू सापडलेत, पत्र्याच्या एका डब्यात सगळे एकत्र ठेवलेले. एकाची मूठ क्रीम रंगाची आहे, घरात सगळे पहिल्यापासून तिला हस्तिदंती मूठ म्हणतात, त्यावर उभ्या बारीक रेषा पण आहेत. दुसऱ्याची तपकिरी आणि खडबडीत आहे, सगळे म्हणतात शिंगाची. तिसऱ्याची काळी, तिच्या कडेला बारीक खड्डे पडलेत. चौथा अगदी छोटा आहे, शिंपल्यासारखा चमकतो. विचित्र म्हणजे क्रीमवाल्याचं पातं आणि त्याला चिकटून असलेल्या तपकिरीचं पातं चांगलंच गंजलंय, पण काळा चाकू त्याच डब्यात असून ठीक आहे. काका म्हणतात सुई लाल करून टोचून बघ, वितळलं तर प्लास्टिक, नाही वितळलं तर हस्तिदंत. टोचू का? मुठींना पॉलिश करू का? आणि हस्तिदंत निघालं तर विकता येईल का?

उत्तर:

सगळ्यात आधी ती सुई बाजूला ठेवा, आणि काकांना पण सांगा की ही टेस्ट नको. तुमचा जो मेन प्रश्न आहे, हस्तिदंत का हाड, त्याचं उत्तर सुई देऊच शकत नाही. दोन्ही वितळत नाहीत, दोन्हीला जळल्यावर साधारण सारखाच वास येतो, दाताच्या डॉक्टरांनी ड्रिल फिरवलं की येतो ना तसा, म्हणजे मुठीला भोक पडणार आणि तुम्ही होता तिथेच राहणार. दुसरं कारण जास्त सीरियस आहे. मूठ सेल्युलॉइडची निघाली तर ते मटेरियल भयंकर पेटतं, जुन्या सिनेमाच्या ज्या रिळांना आगी लागायच्या ना त्याच जातीचं आहे ते, तापलेली सुई लावली की भडका उडू शकतो आणि चाकू तेव्हा तुमच्याच हातात असणार.

मी हे स्वतः केलेलं आहे म्हणून इतकं कळकळीने सांगतेय. बऱ्याच वर्षांपूर्वी, या विषयात नवीन असताना, एका कासवाच्या कवचाच्या मुठीला मी लाल सुई लावली, केस जळल्यासारखा वास आला, कवच खरं आहे हे कळलं, आणि त्या सुंदर मुठीच्या मधोमध एक काळा खड्डा कायमचा राहिला. तो चाकू अजून माझ्याकडे आहे. नंतर शिकले की खऱ्या कवचातला डाग भिंगाखाली बघितला तर तो बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो आणि नकली कवचात रंग सरळ पसरलेला असतो, म्हणजे जे मला जाळून कळलं ते नुसतं बघून दोन मिनिटांत कळलं असतं.

तर बघायचं, आणि बघायचं ते कडेला. घडीचा चाकू कसा बनवतात ते एकदा डोळ्यासमोर आणा म्हणजे मी असं का म्हणतेय ते कळेल. मधे पातं आणि त्याची स्प्रिंग, दोन्ही बाजूंना पितळेची किंवा लोखंडाची पातळ पट्टी, तिला लायनर म्हणतात, आणि त्यावर बाहेरून मुठीच्या पट्ट्या, म्हणजे स्केल, बारीक पिनांनी बसवलेल्या. टोकाला जो धातूचा जाड तुकडा असतो तो बोल्स्टर. आता मुठीची जी वरची बाजू आहे ती कारागिराने तुम्हाला दाखवायलाच बनवलेली असते, ती घासलेली, रंगवलेली, कोरलेली असते, हाडाला शिंगासारखं दाखवायचं आणि प्लास्टिकला हस्तिदंतासारखं, हे सगळं काम त्या वरच्या बाजूवरच झालेलं असतं. पण पट्टी लायनरला जिथे टेकते ती जाडीची कड, पिनांच्या भोवतालची जागा, आणि बोल्स्टर नसेल तर मुठीचं मागचं टोक, तिथे मटेरियल आडवं कापलं गेलेलं असतं आणि त्याची आतली रचना उघडी पडते. तिथे सहसा कोणी सजावट करत बसत नाही.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, जवाहिऱ्याकडे असतं तसं, एक छोटा टॉर्च आणि कोरडं सुती फडकं. टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका मारा, म्हणजे बारीक खाचा आणि छिद्रं सावलीमुळे उठून दिसतात. पातं उघडताना जपून, जुन्या स्प्रिंगा ताठ असतात आणि पातं एकदम मिटतं.

आता क्रीम चाकू. तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की मला हस्तिदंताबद्दल जोरदार शंका आहे. पहिली म्हणजे त्या उभ्या रेषा, दुसरी म्हणजे तो गंज.

रेषांचं आधी बघू. खऱ्या हस्तिदंताची सगळ्यात पक्की खूण म्हणजे त्याच्या आडव्या छेदात दिसणारी एकमेकांना छेदणारी वक्र रेषांची जाळी, या रेषांना श्रेगर रेषा म्हणतात, १८०० साली जर्मन शास्त्रज्ञ बर्नहार्ड श्रेगरने त्यांचं वर्णन केलं म्हणून. लक्षात ठेवायची गोष्ट ही की ती जाळी फक्त आडव्या छेदात दिसते. सुळा लांबीला उभा चिरून काढलेली पट्टी असेल, आणि चाकूच्या पट्ट्या बहुतेक तशाच काढतात, तर वरच्या बाजूला जाळी दिसणारच नाही, तिथे फार तर हलक्या, किंचित लाटेसारख्या, एकमेकींत विरत जाणाऱ्या रेषा दिसतील. म्हणून बरेच लोक खऱ्या हस्तिदंताची मूठ हातात घेऊन, जाळी नाही म्हणून नकली ठरवतात, आणि नकली मुठीवर स्पष्ट रेषा दिसतात म्हणून खरी समजतात, दोन्हीकडून फसतात. जाळी शोधायची तर मुठीच्या मागच्या टोकाला शोधा.

आणि नकली मुठीवर रेषा का असतात? सेल्युलॉइड १८७० च्या सुमारास अमेरिकेत हायट बंधूंनी बाजारात आणलं, आणि त्याच्या मागे मूळ खटपटच हस्तिदंताला पर्याय शोधण्याची होती, बिलियर्डचे चेंडू तेव्हा हस्तिदंताचे व्हायचे आणि ते महाग पडत होते. मग किंचित वेगवेगळ्या छटांचे पातळ थर एकावर एक दाबून, त्यातून पट्ट्या कापून, हस्तिदंतासारख्या रेषा त्यात मुद्दाम आणल्या. पण त्या रेषा वहीच्या रेघांसारख्या येतात, सरळ, समांतर, सारख्या अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता. तुम्ही लिहिलंय उभ्या बारीक रेषा आहेत. भिंगाखाली बघा, त्या शिस्तीत चालल्यात का मधेच विरतायत. शिस्तीत असतील आणि टोकाला पण जाळीऐवजी तशाच समांतर रेघा दिसल्या तर उत्तर मिळालं.

हाड असेल तर वेगळंच दिसतं. चाकूंसाठी बहुतेक गुराच्या नळीचं हाड वापरायचे. जिवंतपणी हाडातून रक्तवाहिन्या जातात, त्यांच्या केसाएवढ्या बारीक वाटा हाडात राहतात आणि वर्षानुवर्षं त्यात मळ आणि तेल भरून त्या काळ्या-तपकिरी होतात. म्हणून हाडाच्या पट्टीवर लांबीच्या दिशेने पेन्सिलने टिंब-टिंब-रेघ काढल्यासारखे छोटे तुटक डाग दिसतात आणि टोकाच्या आडव्या कडेला तेच डाग ठिपके होऊन दिसतात. हस्तिदंतात अशी भरलेली छिद्रं नसतात, तो घट्ट आणि गुळगुळीत असतो. माझ्या अनुभवात घराघरांतून हस्तिदंत म्हणून सांभाळलेल्या मुठींपैकी बऱ्याच चांगल्या घोटलेल्या हाडाच्या निघतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

चिरांवरून पण थोडं कळतं. हस्तिदंत सुकून आकसतो आणि पिनेपासून लांबीच्या दिशेने केसासारखी चीर निघते, हाडाला पण पिनेपाशी चीर जाते. जुन्या सेल्युलॉइडला मात्र वेगळाच रोग होतो, आतून चौकोनी चौकोनी तडे जातात, काचेचा चुरा साखळल्यासारखं दिसतं, आणि पट्टी आकसून बोल्स्टरपासून सुटते, मधे फट पडते.

आता गंज. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट हीच. एकाच डब्यात, एकाच हवेत चार चाकू, त्यातले नेमके दोन गंजले, एक क्रीमवाला आणि एक त्याचा शेजारी. सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर यांचं मिश्रण, ते म्हातारं झालं की त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सुटतात आणि हवेतल्या दमटपणाशी मिळून त्याचं नायट्रिक आम्ल होतं. ते पोलादाला गंजवतं आणि पितळेला हिरवं करतं, स्वतःच्या चाकूच्या आणि बंद डब्यात असला तर जवळच्यांच्या सुद्धा. हाड, हस्तिदंत, शिंपला, यातलं काहीच असं करत नाही. म्हणून क्रीम चाकूच्या मिटलेल्या पात्यावर जो भाग मुठीच्या आत राहतो तिथे जास्त गंज आहे का बघा, आणि लायनरच्या पितळेवर हिरवी बुरशीसारखी पूड आहे का बघा. असेल तर मी नव्वद टक्के सेल्युलॉइडच म्हणेन. मग मूठ अंगठ्याने जोरात घासा, गरम लागेपर्यंत, आणि लगेच वास घ्या. कापराचा वास तुम्हाला ओळखू येईलच. फार जुन्या तुकड्यातून कापूर उडून गेलेला असतो, तेव्हा वास नाही आला म्हणून सेल्युलॉइड नाही असं धरू नका, पण आला तर संपलं.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर अंधारात मारून बघायला हरकत नाही. हस्तिदंत आणि हाड दोन्ही निळसर पांढरे उजळतात, नकली पट्ट्या बहुतेक वेळा मंद राहतात किंवा वेगळ्याच रंगाच्या दिसतात. हा टॉर्च प्लास्टिक बाजूला काढायला उपयोगी, पण हस्तिदंत आणि हाड यांच्यात फरक करायला बिलकुल नाही, तिथे परत भिंग आणि कड.

आणि समजा माझी शंका चुकली आणि टोकाला खरोखर जाळी दिसली, तर ती हत्तीची का मॅमथची हा पुढचा प्रश्न येतो, कारण बर्फात हजारो वर्षं गाडलेल्या मॅमथचे सुळे पण चाकूंना लावतात. सुळ्याच्या बाहेरच्या सालीजवळ या रेषा एकमेकींना ज्या कोनात छेदतात तो ११५ अंशांपेक्षा मोठा असेल तर हत्ती आणि ९० पेक्षा लहान असेल तर मॅमथ, असं तज्ज्ञ धरतात, मधल्या कोनांत दोन्ही येऊ शकतात म्हणून बरीच मापं घेऊन सरासरी काढतात. पण चाकूची पट्टी इतकी बारीक असते की ती सुळ्याच्या कुठल्या भागातली हेच बऱ्याचदा कळत नाही आणि आत गेलं की कोन लहान होत जातो, त्यामुळे हा निर्णय तुम्ही घरी करायला जाऊ नका.

तपकिरी चाकूकडे येऊ, यात मला जास्त रस आहे. सगळे त्याला शिंगाची मूठ म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. आपल्या भाषेत हा एक घोळ आहेच, सांबराच्या डोक्यावरचं ते पण शिंग आणि म्हशीच्या डोक्यावरचं ते पण शिंग, पण दोन्ही मटेरियल पूर्ण वेगळी आहेत. सांबर, चितळ यांचं शिंग म्हणजे चक्क हाड असतं, ते दर वर्षी उगवतं आणि गळून पडतं. म्हशीचं, बैलाचं, मेंढ्याचं शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखाचं आणि केसांचं जे मटेरियल ते, आतल्या हाडावर टोपीसारखं चढलेलं, आणि ते गळत नाही, जन्मभर वाढतं. चाकूवाले पहिल्याला स्टॅग म्हणतात आणि दुसऱ्याला हॉर्न. तुमचा तपकिरी खडबडीत चाकू झाला तर स्टॅग होईल, आणि काळा झाला तर हॉर्न, आणि दोघांना ओळखायच्या खुणा, खायला येणारे किडे, घ्यायची काळजी, सगळं वेगळं.

स्टॅगवर ज्या उभ्या खाचा आणि उंचवटे असतात त्या मूळच्याच असतात. शिंग वाढताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते, तिच्यातल्या रक्तवाहिन्यांचे ते माग. त्यामुळे त्या कधी रुंद होतात, कधी फाटे फुटतात, कुठे नाहीशा होतात, आणि चाकूच्या दोन बाजू कधीच एकसारख्या नसतात. कडेला बघितलं तर वरचं साल गडद, आतला भाग फिका, आणि अजून आत स्पंजासारखा सच्छिद्र गाभा असतो, पट्टी जाड असेल तर लायनरजवळ ती जाळीदार छिद्रं दिसतात. सांबराचं शिंग भरीव असतं, स्पंज कमी, म्हणून इंग्लंडच्या शेफिल्डमधले आणि जर्मनीच्या झोलिंगेनमधले चाकूवाले भारतातून सांबरशिंग मागवायचे, पुढे भारताने त्याच्या निर्यातीवर बंदी आणली.

पण स्टॅगसारखं दिसणारं जे असतं त्यात कोरलेलं हाड फार असतं, म्हणजे साध्या हाडावर हाताने किंवा मशीनने खाचा मारायच्या आणि तपकिरी, लाल, हिरवा रंग द्यायचा. ते ओळखायला खाचा बघा, त्या एकाच हत्याराने मारल्यासारख्या, एका मापाच्या, ओळीत येतात. मग खाचेच्या तळाशी भिंग लावा, हाडाची ती तुटक छिद्रं तिथे दिसतील. आणि कडेला किंवा एखाद्या टवक्यात बघा, रंग वरवर मुरलेला आणि आत पांढरं हाड असं दिसेल. प्लास्टिकचं असेल तर रंग आरपार एकच, छिद्रं कुठेच नाहीत, खाचांच्या कडा साच्यातून निघाल्यासारख्या मऊ, कधी साच्याची बारीक शिवण पण राहिलेली असते. त्यातलं डेलरिन नावाचं प्लास्टिक १९६० च्या सुमारास बाजारात आलं, म्हणजे डेलरिनची मूठ असेल तर चाकू त्याच्या आधीचा नाही, किंवा मूठ नंतर बदललीये. मला स्वतःला जुनी कोरलेली हाडाची मूठ, जिचे उंचवटे हाताने झिजून गुळगुळीत झालेत आणि रंग फक्त खाचांत उरलाय, ती स्टॅगपेक्षा आवडते, कारण ती झीज कोणी बनवत नाही, ती एका माणसाच्या हाताची असते.

काळ्या चाकूचं निम्मं उत्तर तुम्हीच देऊन ठेवलंय, कडेचे बारीक खड्डे. कसर आणि गालिचा खाणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या केराटिन खातात, लोकर, पिसं, शिंग, कासवाचं कवच. प्लास्टिक, रबर किंवा हस्तिदंताशी त्यांना काही देणंघेणं नसतं. म्हणून ते खड्डे कुरतडल्यासारखे, वाकडेतिकडे, कडेपासून आत गेलेले असतील तर मूठ हॉर्नची आहे, बहुतेक म्हशीच्या शिंगाची. खात्रीला पट्टीच्या सगळ्यात पातळ कडेमागे टॉर्च धरा, शिंग तिथे किंचित तपकिरी-लालसर उजेड आत सोडतं, फार काळं असेल तर नाही पण सोडणार. त्यात लांबीला अगदी सूक्ष्म समांतर रेषा असतात आणि जुनं झालं की नखाचा पापुद्रा निघतो तसे थर सुटतात, पट्टी वाकून लायनरपासून वर येते. आबनूस असेल तर भिंगाखाली लाकडाची बारीक छिद्रं दिसतात आणि उजेड अजिबात आत जात नाही. अजून एक शक्यता कडक रबराची, एबोनाइट, त्याचं पेटंट नेल्सन गुडइयरला १८५१ मध्ये मिळालं, ते उन्हात राहून काळ्याचं मळकट हिरवं-तपकिरी होतं आणि जोरात घासलं की गंधकाचा वास येतो. तुमच्या वर्णनावरून मला ते वाटत नाही.

चमकणारा छोटा चाकू सगळ्यात सोपा. खरा शिंपला गालाला लावला तर दगडासारखा गार लागतो, प्लास्टिक लगेच कोमट होतं. चाकू हळूहळू फिरवा, खऱ्या शिंपल्यात गुलाबी, हिरवी झाक एका जागेवरून दुसरीकडे सरकते, कडेला थर दिसतात, आणि दोन्ही बाजूंचं चित्र वेगळं असतं. नकलीत चमक तुकड्यातुकड्यांची असते, बर्फाचे तुकडे एकत्र गोठवल्यासारखी. या छोट्या चाकूचं पातं गंजलेलं नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतंय, तर ते पोलादाचं नसून चांदीचं तर नाही ना ते तपासा. शिंपल्याची मूठ आणि चांदीचं पातं असे फळं कापायचे चाकू इंग्लंडमध्ये भरपूर बनले, आणि चांदी असेल तर पात्यावर ओळीने छोटे शिक्के असतात, चालणारा सिंह म्हणजे चांदीची शुद्धता, मुकुट म्हणजे शेफिल्ड, तिथलं चांदी तपासायचं ऑफिस १७७३ मध्ये सुरू झालं, आणि एक अक्षर, जे वर्ष सांगतं. ते अक्षर मिळालं तर चारांपैकी याच चाकूचं नेमकं वय तुम्हाला कळेल.

बाकीच्यांचं वय अंदाजाने काढता येतं. पातं जिथे मुठीत शिरतं त्या चपट्या भागावर कंपनीचा शिक्का असतो. तिथे देशाचं नाव असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले टॅरिफ कायद्याने आयात मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं केलं आणि निर्यात करणारे चाकूवाले ते टाकायला लागले. नाव नसलं म्हणजे त्याच्या आधीचाच असं मात्र नाही. स्टेनलेस असं लिहिलेलं असेल तर १९१३ नंतरचा, हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डला ते पोलाद त्या वर्षी बनवलं. आणि शिक्का कितीही जुना असला तरी मूठ तेवढीच जुनी असेल असं धरू नका, मुठी फुटतात आणि बदलल्या जातात. दोन्ही पट्ट्यांचा रंग, झीज आणि पिना जुळतात का बघा, एखादी पिन नवी कोरी चकचकीत असेल तर तिथे कोणीतरी काम केलंय.

पॉलिश करू नका. वर जी जुनी झिलई आणि पिवळेपणा आहे ती परत येत नाही, आणि छिद्रांत भरलेला जो मळ तुम्ही काढाल तीच तर तुमची ओळखायची खूण आहे. पाण्यात तर चारीपैकी एकही बुडवू नका, हाड आणि हस्तिदंत पाण्याने फुगून सुकताना तडकतात, शिंगाचे थर सुटतात. शिंपल्याला व्हिनेगर, लिंबू, कुठलंही आंबट लागू देऊ नका, ते त्याला खातं. कोरड्या फडक्याने पुसा, पात्यांवरचा सुटा गंज हळुवार काढून पातळ तेलाचा हात फिरवा, ते तेल मुठीवर जाऊ देऊ नका. काळ्या चाकूच्या फटींत अळ्या किंवा बारीक भुसा दिसतोय का ते दर थोड्या दिवसांनी बघत जा.

विकायचं म्हणाल तर जोपर्यंत ते काय आहे हे नक्की होत नाही तोपर्यंत हस्तिदंत हा शब्द कुठल्याही जाहिरातीत लिहू नका. हस्तिदंताच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली कडक बंधनं आहेत, आफ्रिकन हत्तीला त्याची सगळ्यात कडक यादी १९९० पासून लागू झाली, आशियाई हत्ती त्याच्या आधीपासून त्यात आहे, कासवाचं कवच पण त्यातच येतं. देशोदेशीचे कायदे याहून कडक आहेत, काही ठिकाणी वस्तू कितीही जुनी असली तरी विक्री बंद आहे, सांबरशिंगाला सुद्धा काही ठिकाणी नियम आहेत. घरातली जुनी वस्तू आहे एवढं म्हणून सुटका होत नाही, त्यामुळे विकायच्या आधी तुमच्याकडच्या वन्यजीव खात्याला विचारा, आणि सीमेपलीकडे पाठवायचं असेल तर आधी परवानगी घ्या. क्रीम मूठ सेल्युलॉइडची निघाली तर हा प्रश्नच उरत नाही. जुन्या सेल्युलॉइडच्या चांगल्या मुठी गोळा करणारे लोक आहेत, आणि आजोबांच्या खिशात वर्षानुवर्षं राहिलेला चाकू मूठ कशाचीही असली तरी त्यांचाच.

एक काम मात्र आजच करा, बाकी सगळं सावकाश. क्रीम चाकू त्या डब्यातून बाहेर काढा आणि बाकी तिघांपासून लांब, हवा लागेल अशा उघड्या जागी, ऊन आणि गरम वस्तूंपासून दूर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आतल्या आत तो वायू साठून अजून नुकसान करेल. तपकिरी चाकूचं पातं आजच पुसून तेल लावा, तो शेजारामुळे गंजलाय, वेळेत वेगळा केला तर पुढचा गंज थांबेल. आणि मग निवांत बसून चारीच्या कडांचे, मागच्या टोकांचे आणि पिनांजवळचे फोटो तिरक्या उजेडात काढून मला पाठवा, वरच्या बाजूचा एकही नाही पाठवलात तरी चालेल.